सुई ठेवायची जागा

आमच्या आज्जीची सुई कायम तिच्या चोळीच्या डाव्या खांद्यावर असायची. दोरा ओवलेलाच, त्याचं टोक दंडावर लोंबतंय, आणि वाकळ शिवता शिवता कुणी हाक मारली, दूध उतू चाललं, दारात भाजीवाली आली की आज्जी सुई खांद्यात खोवायची आणि उठायची. परत येऊन बसली की हात न बघता बरोबर तिथंच जायचा. ती म्हणायची, सुई खाली ठेवायची वस्तूच नव्हं, भुईवर ठेवलेली सुई माणसाचा पाय हुडकत येती.

आई वाकळ शिवायची नाही, तिचं काम लोकरीचं. त्या काळात कोल्हापुरात मंगळवार पेठेत आमच्या गल्लीत कुणाच्याही पुढच्या खोलीत गेलात तर भिंतीवर काचेच्या फ्रेममध्ये एक तरी पोपटाची जोडी, हरणं, मोर नाहीतर बाळकृष्ण असायचा, सगळं लोकरीनं भरलेलं, आणि येणारा पाहुणा चहा घेता घेता विचारायचाच की हे कुणी केलं, मग घरातली बाई दाराआडनं नुसती हसायची. आईची अशी तीन चित्रं होती. चौथं पोपटांचं. ते अर्धं राहिलं, आणि ते का राहिलं आणि आता पस्तीस-छत्तीस वर्षांनी परत हातात कसं आलं हे सांगायला बसलीये, त्यात सुई ठेवायच्या लोहचुंबकाबद्दल भरपूर येणार आहे कारण सगळं अडलं होतं ते तिथंच.

आधी कॅनव्हासबद्दल थोडं. हा चित्रकाराचा कॅनव्हास नव्हे. ही सुती जाळी असते, खळ लावून कडक केलेली, आणि एका इंचात किती भोकं त्यावरून तिचा नंबर ठरतो. 10 चा, 13 चा, 14 चा, 18 चा असे मिळतात. दसुतीवर आपण फुल्या घालतो तेव्हा मधलं कापड दिसत राहतं आणि ते चालतं, इथं तसं नाही, इथं पूर्ण जाळी लोकरीनं झाकायची, पोपट पण भरायचा आणि पोपटामागचं आभाळ पण. टाका साधा, तिरका, फुलीचा अर्धा. तिकडं परदेशात याला नीडलपॉइंट म्हणतात हे मला चाळिशी ओलांडल्यावर कळलं, आमच्या घरात याचं नाव 'लोकरीचं' एवढंच. आईचा कॅनव्हास दुहेरी धाग्याचा, इंचाला दहा भोकं, 14 बाय 18 इंचाचा. म्हणजे एका चौरस इंचात 100 टाके आणि पूर्ण चित्रात 25,200. हा हिशोब मी परवा केला. आईनं कधी केला नव्हता, ती म्हणाली मोजलं असतं तर सुरूच केलं नसतं.

1989 चा मे महिना. मी नऊ वर्षांची, धाकटा तीन. आई दुपारची भरत बसली होती, कॅनव्हासच्या कडेचे धागे सुटायला लागले होते म्हणून ती कड दुमडून साध्या शिवणाच्या सुईनं घालत होती. हे महत्त्वाचं आहे, कारण कॅनव्हासची सुई टोकाला बोथट असते, ती भोकातनं जाते, कापड फाडत नाही, ती बोटालाही सहसा टोचत नाही. शिवणाची सुई वेगळी. खालून कुणीतरी हाक मारली, आईनं सुई सतरंजीच्या कडेला खोवली, उठली, दोन मिनिटांत परत आली. तेवढ्या दोन मिनिटांत धाकटा पळत आला.

तो ओरडला तो आवाज मला अजून ऐकू येतो. टाचेजवळ रक्ताचा एक थेंब, बस एवढंच, बाहेर काही दिसत नाही. सुई मोडली होती. आई त्याला उचलून तशीच अनवाणी निघाली आणि आज्जीनं मात्र तिला थांबवलं, म्हणाली एक मिनिट थांब, आणि माळ्यावरनं जुन्या बिघडलेल्या रेडिओच्या स्पीकरचं काळं गोल लोहचुंबक काढलं, ते आज्जीनं फडक्यात बांधून ठेवलेलं असायचं, सुई हरवली की सतरंजीवर फिरवायला. (आम्ही पोरं तेच चुंबक चोरून पंचगंगेच्या वाळूत ओढायचो, काळे बारीक कण दाढीसारखे चिकटायचे. आपला सगळा खडक काळा, त्यात लोखंडाचा अंश असतो, तो वाळूत येतो.) आज्जीनं ते सतरंजीवरनं हळूहळू, एकेक पट्टा धरून फिरवलं. एक आकडा निघाला, दोन टाचण्या निघाल्या आणि मग सुईचा नेढ्याकडचा अर्धा तुकडा. तो तिनं कागदात गुंडाळला, त्याच पाकिटातली एक अख्खी सुई बरोबर घेतली आणि दोन्ही डॉक्टरांच्या हातात दिलं. एक्स-रे झालाच, पण त्या डॉक्टरांनी दोन सुया शेजारी शेजारी ठेवून आत किती तुकडा आहे हे आधीच मोजलं होतं, आणि काढलेला तुकडा जुळवून बघितला तेव्हाच आज्जी खुर्चीवर बसली. धाकटा आठ दिवसात पळायला लागला. आज पुण्यात असतो, त्याला यातलं काही आठवत पण नाही.

आईला आठवतं. तिनं घरी येऊन कॅनव्हास गुंडाळला, लोकर पिशवीत घातली आणि ट्रंकेत टाकलं. त्यानंतर तिनं बटण लावलं, फॉल लावला, शाळेचे गणवेश उसवले-शिवले, पण भरायला म्हणून सुई हातात घेतली नाही. आणि एक सवय लागली तिला. शिवणाचा डबा बंद करताना सुया मोजायच्या. पाच काढल्या होत्या, पाच आहेत. मोठ्यानं. आम्ही झोपेत असलो तरी ते "पाच" ऐकू यायचं.

गेल्या वर्षी माळा आवरताना ती ट्रंक मी उघडली. डांबरगोळ्यांमुळं लोकर बऱ्यापैकी वाचलेली, एक पोपट पूर्ण, दुसऱ्याचं डोकं आणि अर्धा पंख, खाली डाळिंबाची फांदी नुसती छापलेली. आणि आभाळाच्या जागी, जिथं तिनं थांबवलं होतं तिथं, भरायची सुई तशीच जाळीत अडकलेली. त्या दिवशी ती काढायची राहिली असणार. तीन दशकांच्या पावसाळ्यांत ती गंजून जाळीलाच चिकटली होती, ओढली तर धागा तुटेल म्हणून मी दोन्ही बाजूनं पक्कडीनं तोडून मधला तुकडा हळूच सोडवला. खाली तपकिरी डाग राहिला, बोटाच्या पेरभर लांब. लिंबू-मीठ लावून बघ असं मला दोघी-तिघींनी सांगितलं पण शेजारच्या लोकरीचा रंग उतरेल ही भीती, शेवटी ठरवलं की डागावर आभाळ येणारच आहे, येऊ दे.

म्हणून जो कुणी म्हणतो की सुईला वेगळी जागा कशाला, कॅनव्हासमध्येच खोचून ठेवायची, त्याला मी तो तुकडा दाखवते, मी जपून ठेवलाय. सुईवर निकेलचा मुलामा असतो, तो वापरून वापरून घासतो, हाताचा घाम लागतो, आणि आपल्या कोल्हापूरचा पाऊस म्हणजे जून ते सप्टेंबर वाळत घातलेलं पोलकं दोन दिवस ओलं, त्या हवेत आठवडाभर जरी सुई जाळीत राहिली तरी डाग पडू शकतो. शिवाय जाड सुई एका भोकात अडकून राहिली की ते भोक रुंदावतं, तिथला टाका मग नीट बसत नाही.

मी आईला विचारलं, पूर्ण करायचं का? ती बराच वेळ पोपटाच्या पंखावरनं हात फिरवत बसली. मग म्हणाली, "करूया की. पण सुई कुठं ठेवायची ते आधी सांग."

मला वाटलं ही काय अडचण आहे, टाचणीची उशी आहे की. पण नाही. उशी शेजारी ठेवावी लागते, मांडीवर कॅनव्हास ताणलेली लाकडी फ्रेम असताना हात लांब न्यावा लागतो, वय 73, खांदा दुखतो, आणि उशी सोफ्यावरनं घरंगळली की परत तेच. आज्जीसारखं खांद्यावर? आईनं मान हलवली, नात येऊन मिठी मारती म्हणाली. डबीत ठेवायची तर ओवलेली लोकर झाकणात अडकते. आणि एक सुई नसते हो, हे बाहेरच्या माणसाला कळत नाही. पंखात हिरव्याच्या चार छटा आणि चोचीचा लाल, दर दोन-चार टाक्यांनी रंग बदलतो, म्हणून पाच सुया पाच रंगांच्या ओवून तयार ठेवायच्या आणि लोकर दीड फुटापेक्षा लांब घ्यायची नाही, जास्त लांब घेतली तर जाळीतनं जाऊन जाऊन पिंजते. म्हणजे पाच सुया, पाच शेपट्या, सगळ्या हाताशी, आणि कधीही उठता आलं पाहिजे. मुळात बाईचं भरतकाम सलग कधी झालंय? शिटी वाजते, बेल वाजते, फोन वाजतो, घरातल्याला चष्मा सापडत नाही. टाका घालायची कला सगळे शिकवतात, टाका अर्धवट सोडून उठायची सोय कुणी सांगत नाही, आणि आमच्या घरात अपघात झाला तो नेमका त्या उठण्याच्या दोन मिनिटांत.

शोधता शोधता मला व्हिडिओत ते चुंबक दिसलं. नीडल माइंडर म्हणतात. दोन भाग. वरचा दिसायला छान, फूल, फळ, मांजर काहीही, त्याच्या पाठीला छोटं लोहचुंबक चिकटवलेलं. खालचा भाग म्हणजे नुसतं दुसरं चुंबक. कॅनव्हासच्या वरनं एक, खालनं एक, मध्ये जाळी धरली जाते, आणि वर सुई टेकवली की टिक करून बसते. पिन नाही, भोक नाही, काढलं की खूण नाही. मला एवढं आवडलं की मी त्याच रात्री ऑनलाइन एक मागवलं, रेझिनचं कमळ, गुलाबी, फार सुंदर.

आणि ते चुकलं. कमळ जाड होतं, जड होतं, कॅनव्हास उभा धरला की त्याच्या वजनानं खाली सरकायचं आणि मागून धरलेलं चुंबक लोकरीच्या शेवटांना अडकवत जायचं. पाकळ्या उंचसखल, त्यामुळं सुई तिरकी बसायची, एक कशीबशी धरायचं, दुसरी ठेवली की पहिली फिरायची. तरी आई वापरत होती, रोज तासभर भरत होती, मला तेवढंच पुरे होतं. पंधराव्या दिवशी डिंक सुटला. कमळ आईच्या मांडीवर, चुंबक मागच्या जोडीदाराला चिकटून जाळीवर, आणि सुया? दोन सापडल्या. तिसरी नाही. त्या संध्याकाळी आम्ही सोफ्याच्या गाद्या काढल्या, पायपुसणी झटकली, मोबाईलच्या टॉर्चनं फरशीची एकेक फट बघितली, आई जागची हलली नाही, पाय वर घेऊन बसून राहिली आणि म्हणत राहिली की कुणी चालू नका, कुणी चालू नका. सुई तिच्याच साडीच्या निरीत होती, लोकरीच्या शेपटीनं अडकलेली. सापडली तरी आईनं आठ दिवस काम काढलं नाही.

मग मी हे काम शोभेची वस्तू म्हणून बघायचं सोडलं आणि उद्यमनगर गाठलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आमच्या शिवाजी उद्यमनगरात काय होत नाही ते विचारा, ओतकाम, लेथ, ड्रिलिंग, गल्लीगल्लीत शटरं आणि लोखंडाचा वास. तिथं माझ्या मामेभावाचा लेथ आहे. मी त्याला मोडकं कमळ दाखवलं, सगळी गोष्ट सांगितली, तो हात पुसत ऐकत होता, लहानपणीची ती टाचेची गोष्ट त्याला माहीत होती. म्हणाला, "आक्का, तू फूल बघून घेतलीस. आधी चुंबक बघायचं, मग वरचं." आणि खिळ्यांच्या डब्यातनं पाच-सहा प्रकार काढून टेबलावर मांडले, एकमेकांपासून वीतभर लांब.

त्या अर्ध्या तासात मी जे शिकले ते मला कुठं एका जागी वाचायला मिळालं नव्हतं. फ्रिजवर जाहिरातीचं लवचीक रबरी असतं ते इथं चालत नाही, त्याचे ध्रुव बारीक बारीक पट्ट्यांनी लावलेले असतात, पत्र्याला लागून धरतं पण थोडं अंतर पडलं की संपलं, जाळी मध्ये आली की सुई धरायला काही उरत नाही. आज्जीच्या स्पीकरमधलं काळं, ते फेराइट, स्वस्त, गंजत नाही, पण ताकद हवी तर जाड घ्यावं लागतं. आणि चकचकीत चांदीसारखं दिसतं ते निओडिमियम, हे तसं अलीकडचं, जपानच्या मासातो सागावांनी 1982 मध्ये शोधलं आणि त्याच सुमारास अमेरिकेतही वेगळ्या रीतीनं ते तयार झालं, त्यात निओडिमियम, लोह आणि बोरॉन. डोळ्याएवढ्या चकतीत पूर्वीच्या मूठभर चुंबकाची ताकद. त्याला N35, N42, N52 असे नंबर असतात, नंबर वाढला की त्याच आकारात जोर वाढतो.

मी अर्थातच म्हटलं, दे मग N52. तो नको म्हणाला. आणि इथंच बहुतेकींची निवड चुकत असेल असं मला वाटतं, कारण सगळीकडं 'स्ट्राँग मॅग्नेट' हीच जाहिरात असते. फार जोराचं चुंबक सुईला सोडत नाही. सुई उचलायला गेलं की वरचा तुकडाच हातात येतो, किंवा जाळीवर ओढ बसते. दोन चुंबकांच्या मध्ये बोटाची कातडी सापडली तर काळीनिळी होते. दोन चुंबकं आपटली की त्यांची कपची उडते, हा पदार्थ दिसायला धातूसारखा पण ठिसूळ, पाटीच्या पेन्सिलीसारखा. कात्री जवळ नेली की अख्खं प्रकरण कात्रीला जाऊन चिकटतं. आणि रोज जोराच्या चुंबकावर ठेवून सुयाही थोड्या चुंबक होतात, मग एक उचलली की दुसरी मागून येते. आम्हाला लागणार होतं ते एवढंच, की पाच सुया धराव्यात आणि 73 वर्षांच्या दोन बोटांनी सोडवल्या की सुटाव्यात. त्यानं दहा मिलिमीटर रुंद, दोन मिलिमीटर जाड N35 निवडलं.

दुसरं कारण आमच्या घरातलं होतं. दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, पेसमेकर आहे. हे मी त्याला बोलता बोलता सांगितलं आणि तो एकदम थांबला. मलाही माहीत होतं, पण मी ते मोबाईल-मायक्रोवेव्हच्या यादीत टाकून विसरले होते. पेसमेकरमध्ये चुंबक ओळखणारी सोय असते, जवळ चुंबक आलं की ते हृदयाचे स्वतःचे ठोके ऐकणं थांबवून ठरलेल्या वेगानं ठोके द्यायला लागतं, चुंबक लांब गेलं की परत पहिल्यासारखं. डॉक्टर तपासणीसाठी हे मुद्दाम करतात, पण घरात सोफ्यावर शेजारी बसलेल्या बायकोच्या फ्रेममुळं हे व्हायला नको. आम्ही तपासणीला गेलो तेव्हा विचारून घेतलं, चुंबक छातीपासून सहा इंच, म्हणजे 15 सेंटिमीटर तरी लांब, आणि शर्टाच्या खिशात तर कधीच नाही. आता आई सोफ्याच्या उजव्या टोकाला बसते, दादा समोरच्या खुर्चीत. पन्नास वर्षं शेजारी बसणारी माणसं, आता समोरासमोर. आई म्हणते बरं झालं, आता तोंड तरी दिसतं.

आणि लहान मूल. धाकट्याची मुलगी दोन वर्षांची आहे, दिवाळीत आणि मे महिन्यात येते. ही चुंबकं औषधाच्या गोळीएवढी आणि चमकदार. एक गिळलं तर निघूनही जाईल, पण दोन गिळली तर ती आतड्याच्या दोन वेगळ्या वळणांतनं एकमेकांना ओढतात, मधलं आतडं चिमटतं, भोक पडतं, ऑपरेशन लागतं. असा संशय जरी आला तरी वाट बघायची नाही, थेट दवाखाना. म्हणून आमचं खालचं चुंबक सुटं, उघडं नाहीये, त्याचं पुढं सांगते.

वरच्या भागासाठी मी आधी हट्टानं आज्जीच्या एक ग्रॅमच्या कोल्हापुरी साजातलं सुटलेलं मासा-पान घेतलं होतं. फार मनात होतं की आज्जीचं काहीतरी त्यात असावं. पण त्याची शेपटी आणि खवले, लोकर त्याच्यावरनं गेली की एखादा तंतू धरून ठेवायचीच, कानस मारून बघितली, तरी. सोडून दिलं. भावानं लेथवर पितळेची चकती कातून दिली, दहा रुपयाच्या नाण्याएवढी, एक मिलिमीटरला थोडी कमी जाड, कडा गोल मारलेल्या की नखसुद्धा अडकत नाही. पितळेला चुंबक ओढत नाही आणि पितळ चुंबकाला अडवतही नाही, जोर आरपार जातो, कमी होतो तो फक्त जाडीमुळं, म्हणून पातळ. पितळ काळं पडून लोकरीला लागेल म्हणून मी वरनं पारदर्शक नेलपॉलिशचे दोन हात दिले. सपाट असल्यामुळं दोन इंचाची सुई तिच्यावर आडवी नीट टेकते. कमळावर ती एका पाकळीच्या टोकावर तोलून असायची.

चिकटवताना मी एक चूक केली ती सांगते म्हणजे तुमचा दिवस वाचेल. चुंबकाचा निकेलचा पृष्ठभाग गुळगुळीत, त्यावर डिंक धरत नाही, कमळाचं तेच झालं होतं. आधी पॉलिश पेपरनं चिकटायची बाजू घासायची, पितळही घासायचं, मग दोन ट्यूब मिसळून होतो तो अॅराल्डाइटसारखा इपॉक्सी. झटपट चिकटणारा घेऊ नका, तो कडक होतो आणि टिकटिक ठोके बसून सुटतो, गरम ग्लू गनचा पण नको, ही चुंबकं साधारण 80 अंशाच्या वर तापली तर ताकद गमावतात. हे सगळं मी नीट केलं, आणि मग ओल्या इपॉक्सीशेजारीच दुसरं चुंबक ठेवलं. टक. पहिलं चकतीवरनं उडून दुसऱ्याला चिकटलं, सगळीकडं डिंक. परत घासलं, परत लावलं, यावेळी दुसरं चुंबक दुसऱ्या खोलीत. आणि कुठली बाजू कुठल्या बाजूला ओढते त्यावर आधी मार्करनं ठिपका द्यायचा, नाहीतर चिकटवून झाल्यावर कळतं की दोघं एकमेकांना ढकलतायत.

खालच्या चुंबकाला मी खणाच्या कापडाची टोपी शिवली, आईच्या जुन्या पोलक्याचा तुकडा, लाल काठाचा. त्यानं चार गोष्टी झाल्या. मुलामा निघाला तरी गंज जाळीला लागणार नाही. मागच्या लोकरीचे तंतू अडकत नाहीत. कापडाची जाडी मध्ये आल्यानं जोर आणखी थोडा हलका झाला, आईच्या बोटांना बरोब्बर. आणि मांडीएवढ्या कापडात तो तुकडा चटकन दिसतो, त्याला नाडी पण लावलीये, ती फ्रेमला बांधलेली असते, नात आली तरी हातात येणार नाही.

जागा कुठली हा पण प्रश्न असतो. भरलेल्या भागावर ठेवायचं नाही, लोकर दबते. फ्रेमच्या लाकडावर ठेवता येत नाही, तेवढ्या जाडीतनं जोर जातच नाही. चित्राच्या बाहेर दोन इंच कोरी कड असते ती त्याची जागा. आई उजव्या हातानं भरते, तिनं आठ दिवस वेगवेगळीकडं लावून बघितलं आणि शेवटी उजवीकडं खालच्या कोपऱ्यात ठरलं, तिथं मनगट फ्रेमवर टेकलेलं असताना नुसती बोटं वळवली की पोचतात. काम संपलं की चुंबक काढून डबीत, कारण रात्रभर तिथंच राहिलं तर जाळीवर दाब पडतो आणि विसरून घडी घातली तर आणखीच.

जुलैत आभाळ भरायला घेतलं. पाऊस लागून राहिला होता, दादा दर तासाला मोबाईलवर पंचगंगेची राजाराम बंधाऱ्याजवळची पातळी वाचून दाखवत होते, 36 फूट झाली, 37 झाली, 39 ला इशारा, 43 ला धोका, हे आकडे आमच्याकडं लहान पोरांनाही पाठ असतात. मी संध्याकाळी राजारामपुरीतनं आईकडं गेले होते. ती गंजाच्या डागावर आली होती. निळी लोकर त्याच्यावरनं एकेक तिरका टाका जात होता, तिचा हात आता थरथरत नाही पण सावकाश झालाय, सुई खाली जाते, क्षणभर थांबते, भोक सापडतं, वर येते. डाग निम्मा झाकला होता आणि कुकरची शिटी झाली. आईनं सुई वळवली. टिक. उठली, गॅस बंद केला, दादांना विचारलं चहा ठेवू का, आणि तेवढ्यात लाइट गेली.

कोल्हापुरात पावसात लाइट जाणं नवीन नाही, पण त्या क्षणी मी जागच्या जागी थांबले. स्वयंपाकघर आणि सोफा यांच्यामध्ये अंधार, आई अनवाणी. मी मोबाईल शोधत होते. ती भिंतीला हात लावत आली, सोफ्यावर बसली, फ्रेम मांडीवर घेतली, आणि मला फक्त बोटं फिरल्याचा आवाज आला, पितळेवर सुई किंचित सरकते तो.

"एक, दोन, तीन, चार," आई म्हणाली. "पाच. आहेत गं. ये तू खुशाल."